मोपाचा चढ, डिचोलीचा उतार आणि न मोजलेला टॉर्क

गोव्याच्या पेडणे तालुक्यातले मोपाचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर उंच आहे. 2022च्या डिसेंबरमध्ये तिथल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. 25 टन वजनाचा ट्रक एवढ्या उंचीवर न्यायचा, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 37 मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या दहा युनिटांएवढी ऊर्जा लागते. इंजिनाची कार्यक्षमता 40 टक्के धरली तर त्यात अडीच लिटरहून थोडे जास्त डिझेल जळते आणि साधारण सात किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इथवरचे गणित शाळेतले आहे. नवल असे की, या चढावर इंजिन क्षणाक्षणाला किती टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवणारा जोर, देते आहे हे ट्रकमधल्या संगणकाला ठाऊक असते. आणि टॉर्क मोजणारे उपकरण मात्र त्या इंजिनावर सहसा नसतेच.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. अशा प्रयोगशाळांत इंजिन डायनामोमीटरला जोडून टॉर्क थेट मोजता येतो. कोणत्या वेगाला किती डिझेल फवारले की किती टॉर्क मिळतो, याचे कोष्टक चाचण्यांतून बनते आणि ते संगणकात भरले जाते. रस्त्यावर संगणक फवारलेले डिझेल पाहून टॉर्क काढतो, त्यातून घर्षण, पंप आणि अल्टरनेटर यांचा वाटा वजा करतो. पडताळ्याची एक वाट क्रँकशाफ्टच्या दातेरी चाकातून जाते. 60 दात्यांच्या जागा, पैकी दोन मुद्दाम रिकाम्या. म्हणजे दर सहा अंशांना एक खूण. मिनिटाला 1500 फेऱ्या घेणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला 75 ज्वलने होतात. प्रत्येक ज्वलनाने शाफ्टला किंचित हिसका बसतो. दोन दात्यांमधला मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ किती बदलला, यावरून त्या हिसक्याचा जोर काढता येतो.

धुराचे गणित याहून अवघड. हवेतला नायट्रोजन प्रचंड उष्णतेत कसा जळतो, याची रासायनिक मांडणी याकोव झेल्डोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने 1946 साली प्रसिद्ध केली. दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणखी पन्नासेक अंशांनी वाढले, तर नायट्रिक ऑक्साइड बनण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून ज्योतीच्या तापमानाचा अंदाज जरा चुकला, की सगळा हिशेब बिघडतो. काजळीचे प्रारूप तर अजूनही कच्चेच म्हणावे लागेल.

गोव्याच्या हवेचाही यात हात आहे. बाष्प ज्योतीला थंड करते, त्यामुळे दमट हवेत नायट्रोजनची ऑक्साइडे कमी बनतात. प्रयोगशाळेतल्या जड इंजिनांच्या चाचणीत म्हणून दुरुस्ती करतात. किलोभर कोरड्या हवेत 20 ग्रॅम बाष्प असेल, आणि पावसाळ्यात कोकणपट्टीत ते सहज असते, तर मोजलेला आकडा सुमारे 15 टक्क्यांनी वाढवून धरायचा.

टॉर्क आणि धूर नियमांतही एकत्र येतात. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या उत्सर्जन-निकषांमध्ये, बदलत्या भाराच्या चाचणीत जड इंजिनाला इंजिनाच्या कामाच्या दर युनिटामागे नायट्रोजन ऑक्साइडांची 0.46 ग्रॅमची मर्यादा आहे; बीएस-4 मध्ये ती 3.5 ग्रॅम होती. रस्त्यावरच्या चाचणीत धूर वाहनावर बसवलेले उपकरण मोजते, पण ‘केलेले काम’ इंजिनाच्या संगणकाने सांगितलेल्या टॉर्कवरूनच काढतात. अंदाज दहा टक्के जास्त निघाला, तर धूर तितक्याच प्रमाणात कमी भासतो. मला हा या पद्धतीतला सर्वांत नाजूक सांधा वाटतो. म्हणूनच त्या टॉर्कचा इंधनाच्या खपाशी मेळ तपासतात.

गोव्यातल्याच डिचोलीत चित्र मोपाच्या उलटे. मुळगाव, शिरगाव, मये इथल्या खाणींचे खनिज ट्रकने मांडवीकाठच्या धक्क्यांवर उतरते आणि बार्जमधून मुरगावकडे जाते. भरलेला ट्रक उतरणीवर, रिकामा चढणीवर. उतरताना इंजिनाचा टॉर्क उणे होतो, डिझेल बंद, धूर जवळजवळ शून्य. पण इंजिनातून नुसती थंड हवा वाहत राहते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट निवतो. तो साधारण 200 अंशांखाली गेला, की नायट्रोजनची ऑक्साइडे मोडायला मदत करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची फवारणी थांबवावी लागते. माल उतरवून परतीचा चढ लागतो तेव्हा धूर भरपूर आणि शुद्धीकरण अपुरे. मधल्या थांब्यात इंजिन बंद ठेवून पुन्हा सुरू केले, तर धुराचा सेन्सरही लगेच कामाला लागत नाही. त्याचे तापलेले सिरॅमिक नळीतल्या पाण्याच्या थेंबाने तडकू शकते, म्हणून नळी कोरडी होईपर्यंत तो तापवतच नाहीत. तोवर संगणकाला प्रारूपाच्या अंदाजावरच भागवावे लागते.