‘टाइम इज मनी’: वेळ कोणाचा, पैसा कोणाचा?

‘टाइम इज मनी’ हे इंग्रजी वचन आपल्याकडे बहुधा घाईचे समर्थन म्हणून उच्चारले जाते. नको असलेल्या पाहुण्याला वाटेला लावताना तर ते हमखास आठवते. मूळ वचनाचा रोख मात्र घाईवर नव्हता, हिशेबावर होता.

बेंजामिन फ्रँकलिन याने १७४८ साली एका तरुण व्यावसायिकास उद्देशून लिहिलेल्या उपदेशात हे वचन येते. दिवसाला १० शिलिंग मिळवू शकणारा मनुष्य अर्धा दिवस आळसात घालवितो आणि करमणुकीवर ६ पेन्स उडवितो. त्याचा खर्च ६ पेन्सच झाला काय? नाही, न मिळविलेले ५ शिलिंगही त्यात धरले पाहिजेत. ५ शिलिंग म्हणजे ६० पेन्स. न दिसणारा खर्च दिसणाऱ्या खर्चाच्या दसपट! अर्थशास्त्राचे विद्यार्थी ‘वैकल्पिक खर्च’ म्हणून जे पाठ करतात, ते हेच. गंमत अशी की, त्याच वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी, फ्रँकलिनने आपला छापखाना भागीदारावर सोपवून शास्त्रीय प्रयोगांसाठी सवड मिळविली.

मराठीत पुल्लिंगी ‘वेळ’ जातो, तर स्त्रीलिंगी ‘वेळ’ माणसावर येते. फ्रँकलिनचे माप केवळ पहिल्याला लागू पडते. तेही सर्वांना सारखे नाही. रोजंदारीवरचा मजूर एका दाखल्यासाठी कचेरीत तीन खेपा घालतो. दाखल्याचे शुल्क किरकोळ असते. बुडालेले तीन रोज कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसतात. ‘उद्या या’ म्हणणाऱ्या खिडकीमागच्या माणसाचा पगार मात्र त्या तिन्ही दिवशी चालू असतो.

आणि ज्याला मजुरीच नाही, त्याच्या वेळेचे मोल काय? २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात, बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात असल्याचे आढळले, पुरुषांची ९७. ही जवळजवळ पाच तासांची मेहनत राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात येत नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने यातील विसंगती पूर्वीच दाखवून दिली होती. मालकाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर देशाचे उत्पन्न घटते. काम तेच, तासही तेच. पगार तेवढा थांबलेला असतो.