दरपत्रक सॉफ्टवेअरमध्ये भरताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑनलाइन बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं की पहिल्याच दिवशी एक तक्ता समोर येतो. प्रॉडक्टचं नाव, किंमत, बिल दर महिन्याला की वर्षाला, कर किती. बहुतेक लहान व्यावसायिक हा तक्ता घाईत भरतात, कारण त्यांना पहिलं बिल पाठवायचं असतं. पुढे ग्राहकांच्या तक्रारी येतात आणि सीएकडून शंका येतात. त्यांतल्या बऱ्याचशा याच घाईतून निघालेल्या असतात. तिथे भरलेला दर म्हणजे ग्राहकाला दिलेला शब्द असतो. तो किती दिवसांसाठी दिला आणि कोणत्या अटींवर, हे सॉफ्टवेअर आपण सांगू तसंच पाळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यातली एक छोटी कंपनी हाउसिंग सोसायट्यांना मेंटेनन्सच्या हिशेबाचं ॲप देते आणि फ्लॅटच्या संख्येवर पैसे आकारते.

गैरसमज: प्रत्येक दरासाठी वेगळं प्रॉडक्ट लागतं.

या कंपनीच्या यादीत ‘सोसायटी ॲप मासिक’, ‘सोसायटी ॲप वार्षिक’, ‘सोसायटी ॲप जुने ग्राहक’, ‘सोसायटी ॲप दिवाळी ऑफर’ अशी नावं दिसू लागली, की गुंता सुरू झाला असं समजावं. विकायची सेवा एकच आहे, बदलतात त्या अटी. म्हणून बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन पायऱ्या असतात. वर प्रॉडक्ट, म्हणजे आपण काय देतो. त्याच्याखाली प्राइस किंवा प्लॅन, म्हणजे किती पैशांत आणि किती काळासाठी. सेवेचा एसएसी कोड (सेवांचे कोड ९९ने सुरू होतात) आणि बिलावर छापायचं वर्णन प्रॉडक्टवर एकदाच भरावं. प्लॅन हवे तेवढे जोडावेत. असं केलं तर ‘या ॲपमधून वर्षात किती उत्पन्न झालं?’ याचं उत्तर एका ओळीत मिळतं. नाहीतर चार नावांची बेरीज हाताने करावी लागते.

दिवाळीच्या सवलतीसाठीही वेगळा स्वस्त प्लॅन काढू नये. कूपन किंवा डिस्काउंटची सोय असते, ती वापरावी. जीएसटीच्या कायद्यानुसार विक्रीच्या वेळी दिलेली आणि इन्व्हॉइसवर दाखवलेली सवलत करपात्र रकमेतून वजा होते. ती बिलावर वेगळी दिसली की ग्राहकालाही मूळ दर कळतो, आणि सवलत संपल्यावर ‘दर का वाढवला?’ हा वाद होत नाही.

गैरसमज: दर वाढवायचा तर जुना आकडा खोडून नवा लिहायचा.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच आहे. जुन्या प्लॅनवर चाळीस सोसायट्या असतील आणि आपण तिथलाच आकडा बदलला, तर सॉफ्टवेअरनुसार दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर चाळीसही सोसायट्यांना पुढचं बिल न सांगता वाढीव जातं. नाहीतर बदल फक्त नव्या ग्राहकांना लागू होतो आणि आपण मात्र सगळ्यांचा दर वाढला या समजुतीत राहतो. स्ट्राइपने यावर साधा उपाय केला आहे: एकदा तयार केलेल्या प्राइसची रक्कम तिथे बदलताच येत नाही. नवी प्राइस तयार करायची आणि जुनी अर्काइव्ह करायची. जुनी नव्या ग्राहकांना मिळत नाही, पण जे तिच्यावर आहेत त्यांचं बिल पूर्वीसारखंच चालू राहतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलता येतो, तिथेही हीच शिस्त पाळावी असं माझं ठाम मत आहे. प्लॅनच्या नावात वर्ष घालावं, म्हणजे ‘मासिक २०२४’, ‘मासिक २०२५’. कोणत्या सोसायटीला कोणता शब्द दिला होता हे मग कुणीही सांगू शकतं.

सोसायटीच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. तिथला खजिनदार एकट्याने वाढीव खर्च मान्य करू शकेलच असं नाही. कमिटीसमोर जावं लागतं, कधी विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत येतो, आणि ती सभा साधारणपणे सप्टेंबरअखेरपर्यंत होते. दरवाढीची तारीख ठरवताना हे वेळापत्रक पाहावं, आणि जुन्या ग्राहकांना नव्या प्लॅनवर त्यांच्या नूतनीकरणाच्या वेळीच न्यावं.

गैरसमज: एकदा ऑटो-पे घेतलं की पैसे आपोआप येतच राहतात.

कार्डावरच्या आवर्ती वसुलीची रिझर्व्ह बँकेची नवी चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली. पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते आणि तो परवानगी केव्हाही मागे घेऊ शकतो. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाखापर्यंत नेण्यात आली, पण आपल्या ॲपला ती सवलत नाही.

याचा दराशी थेट संबंध आहे. वार्षिक प्लॅन १३,००० रुपयांचा ठेवला तर तो मर्यादेत बसतो असं वाटतं. १८ टक्के जीएसटी धरून रक्कम १५,३४० होते आणि दरवर्षी ओटीपी लागतो. तो संदेश सेक्रेटरींच्या फोनवर दुपारी येतो, ते मीटिंगमध्ये असतात, आणि वसुली अडकते. १२,७०० ठेवला तर करासह १४,९८६ होतात आणि काम ओटीपीशिवाय होतं. शिवाय परवानगी देताना ग्राहकाने जी कमाल रक्कम मान्य केली असेल, तिच्यापुढे दर गेला की परवानगी नव्याने घ्यावी लागते.

गैरसमज: ‘जास्त संख्येला कमी दर’ म्हणजे एकच पद्धत.

आपल्या कंपनीचा दर असा आहे असं धरा: ५० फ्लॅटपर्यंत प्रत्येकी २० रुपये, त्यापुढे १५. सॉफ्टवेअरमध्ये याच्या दोन पद्धती असतात आणि निवड चुकली तर बिल पार बदलतं. व्हॉल्यूम पद्धतीत एकूण संख्या ज्या टप्प्यात पडते, त्याचा दर सगळ्या फ्लॅटना लागतो. ग्रॅज्युएटेड पद्धतीत (काही ठिकाणी तिला टिअर्ड म्हणतात) पहिल्या ५० फ्लॅटना २० आणि पुढच्यांनाच १५ लागतात, आयकराच्या टप्प्यांसारखं.

६० फ्लॅटची सोसायटी व्हॉल्यूमने ९०० रुपये देईल, ग्रॅज्युएटेडने १,१५०. त्याहून विचित्र प्रकार सीमेवर होतो. व्हॉल्यूम पद्धतीत ५० फ्लॅटचे १,००० रुपये होतात, पण ५१ फ्लॅटचे फक्त ७६५. म्हणजे ५१पासून ६६ फ्लॅटपर्यंतची प्रत्येक सोसायटी ५० फ्लॅटवाल्यांपेक्षा कमी पैसे देते. शेजारशेजारच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी बिलं ताडून पाहिली की फोन येणारच. फ्लॅटवर दर ठरवायचा असेल तर ग्रॅज्युएटेडच निवडावी.

गैरसमज: कराचं सॉफ्टवेअर बघून घेतं.

सॉफ्टवेअर आपण दिलेला दर लावतं, एवढंच. किमतीत कर धरलेला आहे की वरून लागणार, हे आपण सांगायचं. ९९९ रुपये करासह असतील तर मूळ रक्कम ८४६.६१ आणि कर १५२.३९. तो सीजीएसटी आणि एसजीएसटीत निम्मा निम्मा झाला की प्रत्येकी ७६.१९ येतात आणि बेरीज ९९८.९९ होते. एका पैशाचा फरक पडतो. राउंड-ऑफची सेटिंग पहिल्या दिवशी पाहिली नाही, तर असे पैसे वर्षअखेर शेकडो बिलांत शोधावे लागतात.

बहुसंख्य सोसायट्यांना या कराची वजावट मिळत नाही. त्यांच्यासाठी खरी किंमत करासहची असते. म्हणून किंमत करासह दाखवावी, पण सॉफ्टवेअरमध्ये मूळ दर आणि कराचा दर वेगळे भरावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगवर्गांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तोही इनपुट क्रेडिटशिवाय. ज्यांनी कर वेगळा ठेवला होता त्यांना एका जागी दर बदलता आला. ज्यांनी १,१८० असा एकत्र आकडा भरला होता, त्यांना प्रत्येक प्लॅन उघडावा लागला.

ग्राहकाच्या पत्त्यातलं राज्य अनिवार्य करा. ठाण्याच्या कंपनीने पुण्यातल्या सोसायटीला दिलेल्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, पणजीतल्या सोसायटीला आयजीएसटी. आणि आपली जीएसटी नोंदणीच नसेल तर बिलावर कर लावता येत नाही.

गैरसमज: चुकलेलं बिल डिलीट केलं की झालं.

नाही. इन्व्हॉइसचे क्रमांक आर्थिक वर्षात सलग हवेत आणि प्रत्येक क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. जास्त आकारणी झाली तर क्रेडिट नोट काढावी. महिन्याच्या मध्ये प्लॅन बदलला तरी हाच हिशेब आतून होतो. ३० दिवसांच्या महिन्यात १५ दिवस उरले असताना १,००० वरून २,५०० च्या प्लॅनवर गेल्यास जुने ५०० जमा, नवे १,२५० आकारणी, द्यायचे ७५० आणि त्यावर कर. ही प्रोरेशनची सोय चालू आहे की बंद, हे तपासा.

प्लॅन सुरू करण्यापूर्वी टेस्ट मोडमध्ये तीन बिलं काढा: एक ठाण्यातल्या ग्राहकाचं, एक पणजीतल्या, आणि एक महिन्याच्या मध्ये प्लॅन बदलणाऱ्याचं. एपीआयने जोडणी केली असेल तर रक्कम पैशांत जाते की रुपयांत हेही पाहा. स्ट्राइप आणि रेझरपे दोन्ही रक्कम पैशांत घेतात, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०००० लिहावं लागतं. तिन्ही बिलं कॅल्क्युलेटरवर पडताळून तुमच्या सीएला दाखवा, आणि मगच पहिल्या खऱ्या ग्राहकाला लिंक पाठवा.