लढाईवरचा गडी आणि गावात पोचणारे वर्तमानपत्र

वाचकहो, पाथर्डीच्या बाजूला, मढी-मोहट्याच्या वाटेवरच्या एखाद्या गावात जा आणि पारावर बसलेल्या मंडळींना सहज विचारा, की तुमच्यातले पलटणीत कोण कोण आहे. बहुधा दोन-चार नावे लगेच निघतील. मुलूख कमी पावसाचा, जमीन कोरडवाहू. घरात दोन भाऊ असले तर एकाने नांगर धरायचा आणि एकाने बाहेरची वाट धरायची, हा इकडचा जुना हिशेब. आज पलटणीतला मुलगा रात्री टेलिफोनवर आईशी बोलतो. पण पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात जो गडी समुद्रापार गेला, त्याची खबर गावाला कशी लागत होती? पत्राने लागत होती, तारेने लागत होती, आणि काही थोड्यांच्या बाबतीत वर्तमानपत्रानेही लागत होती. या तिसऱ्या वाटेविषयी आज थोडे सांगायचे आहे.

प्रथम वर्तमानपत्रांचे पाहू. त्या वेळचा अहमदनगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर, छापील अक्षराला नवखा नव्हता बरं का. अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ नगरला १८४२ साली सुरू झाले. पण खेड्यातल्या माणसाला जवळचे असे पत्र म्हणाल तर ते ‘दीनमित्र’. मुकुंदराव पाटलांनी ते १९१० साली सुरू केले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या लहान गावातून वर्षानुवर्षे चालवले. मुकुंदराव सत्यशोधक विचारांचे. १९६७ साली ते वारले, तोपर्यंत पत्राशी त्यांचे नाव जोडलेले राहिले. शहरात छापून खेड्यात पाठवायचे हा सगळ्यांचा रिवाज. यांनी खेड्यातच छापखाना मांडला. शेतकऱ्याचे कर्ज, सावकार, शिक्षण, भटभिक्षुकी हे त्याचे विषय. एक अंक आला की तो एका घरचा राहत नसे. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. याशिवाय पुण्यामुंबईची पत्रे होती. ‘केसरी’ होता, ‘ज्ञानप्रकाश’ होता, आणि १९३२ पासून ‘सकाळ’. ती टपालाने यायची, म्हणजे खेड्यात पोचेपर्यंत बातमी शिळी व्हायची.

आता गंमत अशी, की युद्ध गावात आधी पोचायचे ते बाजारभावातून. पहिल्या महायुद्धात कापड महागले, रॉकेल महागले, धान्य महागले. १९१८ साली पाऊस गेला आणि त्याच साली इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे झोपली. युद्ध म्हणजे काय, हे गावाला असे कळत होते. आपला गडी नक्की कुठे आहे, हे मात्र कळत नव्हते. मेसोपोटेमिया हे नाव ज्याला उच्चारता येत नाही, त्याने ते नकाशावर तरी कुठे शोधावे? बसऱ्याला ‘बसरा’ म्हणून मंडळी मोकळी झाली. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत ब्रिटिश आणि हिंदी फौज अडकून पडली होती. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. वेढा पडल्याची बातमी छापून आली, शरणागतीचीही आली. पण त्या फौजेत आपल्या गावचा कोण होता, तो जिवंत आहे की नाही, हे त्या बातमीतून कळण्याची सोय नव्हती. बातमी फौजेची असते आणि काळजी एका माणसाची. वर्तमानपत्र आणि गाव यांच्यामधली ही दरी दोन्ही युद्धांत कायम राहिली.

तुम्ही म्हणाल, पत्रे तर येत होती ना? येत होती. पण प्रत्येक पत्रावर तपासनिसाची नजर. १९१४-१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांची जी पत्रे निघाली, ती वाचण्यासाठी सरकारने वेगळे खाते ठेवले होते. त्यातले निवडक उतारे इंग्रजीत भाषांतर करून वरिष्ठांकडे जात. परिणाम असा झाला, की मूळ पत्रे घरोघर वाळवीने खाल्ली आणि तपासनिसाच्या दप्तरातले उतारे तेवढे टिकले. त्यात काही मराठी पत्रांचेही उतारे आहेत. ज्याने शिपायाचे तोंड बांधले, त्याच्याच कपाटात शिपायाचा आवाज राहिला!

दुसऱ्या महायुद्धात हा बंदोबस्त अधिकच कडक झाला. १९३९ साली भारत संरक्षण नियम लागू झाले. पलटणीचे नाव, ठिकाण, जहाज, फौजेची हालचाल यांतले काही छापायचे नाही. शिपायाच्या पत्त्यातही गाव नाही, देश नाही, फक्त लष्करी टपालाचा नंबर. कागदाची टंचाई पडली, पत्रांची पाने घटली. ही बंदी किती दूर जाई याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवले, आणि सरकारने ती जागा गुप्त ठेवली. घरच्या किल्ल्यात कोण आहे हे जिथे उघडपणे छापता येत नाही, तिथे इटलीतल्या आघाडीवर पाथर्डीचा कोण गडी आहे ते कुठून छापून येणार?

सर्वांत अवघड शब्द होता ‘बेपत्ता’. २१ जून १९४२ रोजी टॉब्रुक पडले आणि तिथे लढत असलेली मराठ्यांची एक पलटणही शत्रूच्या हाती सापडली. टॉब्रुक पडल्याची बातमी जगभर झाली. पण शिपायाच्या घरी पोचायचा तो कागद बेळगावच्या पलटणीच्या कचेरीतून, आणि त्यावर पहिल्यांदा लिहिलेले असायचे ते एवढेच, की अमुक नंबरचा शिपाई बेपत्ता आहे. मेला असे नाही, जिवंत आहे असेही नाही. रेडक्रॉसमार्फत कैद्यांच्या याद्या यायच्या, त्याला महिने लागायचे. तोपर्यंत त्याच्या बायकोने कुंकू लावायचे की नाही? सासरी राहायचे की माहेरी जायचे? दरमहा येणारी मनीऑर्डर चालू राहील की बंद होईल? सरकारी कागदातला तो एक शब्द घरातल्या एका बाईच्या अंगावर किती दिवस बसून राही, याची नोंद कोणत्याही वर्तमानपत्रात सापडणार नाही. म्हणून जुने अंक चाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की जे छापले गेले ते युद्धाचे एक अंग आहे. मोठे अंग घरात होते.

अशा या काळात एखाद्या साध्या शिपायाचे नाव, त्याच्या गावासकट, छापून यायचे ते कधी? तर त्याला मोठे पदक मिळाले म्हणजे. आपल्या जिल्ह्यात असा एक माणूस झाला. निमज गावचा नामदेव जाधव. जन्म १८ नोव्हेंबर १९२१. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधला शिपाई. ही बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत होती. व्हिक्टोरिया क्रॉस हे त्या वेळचे सर्वोच्च शौर्यपदक. ते त्याला मिळाले तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

त्याने केले काय, हे जरा सावकाश सांगतो, कारण अशा बातमीत नेहमी ‘अतुल शौर्य’ एवढेच उरते आणि काम विसरले जाते.

तारीख ९ एप्रिल १९४५, संध्याकाळची वेळ. उत्तर इटलीत सेनिओ नावाची नदी आहे. नदी कसली, आपल्याकडचा ओढाच म्हणा. रुंदी पंधरा फूट, पाणी चार-पाच फूट. पण पुराचे पाणी अडवायला दोन्ही काठांना बांध घातलेले, तीस-पस्तीस फूट उंच, जवळजवळ सरळ उभे. शेताचा बांध डोळ्यांपुढे आणू नका. दोन-तीन मजली घर आणा. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी घुशीसारखी बिळे पोखरली होती आणि बिळाबिळांतून मशीनगन लावल्या होत्या. वर सुरुंग पेरलेले. नामदेव हा कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा शिपाई. कंपनी कमांडरच्या मागोमाग राहायचे हे त्याचे काम. कंपनी पाण्यात उतरून पलीकडच्या काठाला लागते न लागते, तोच मागच्या बांधाच्या आतल्या अंगातून गोळ्या सुरू झाल्या. म्हणजे ज्या बांधावरून खाली उतरले, त्याच्याच पोटात शत्रू होता! कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले. त्या टोळीतले बाकीचे ठार झाले. धडका राहिला एकटा नामदेव.

त्याने एका जखमी सोबत्याला उचलले, पाण्यातून नेले, तो उभा बांध चढला, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे सुखरूप ठेवले. मग परत आला आणि दुसऱ्याला नेले. दोन्ही खेपांना वरून उखळी तोफांचा आणि मशीनगनचा मारा चालूच होता. इथेच थांबला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. तो तिसऱ्यांदा गेला. टॉमी गन घेऊन पहिल्या मोर्च्यावर चालून गेला आणि तो बंद पाडला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. एकामागून एक आणखी दोन मोर्चे उडवले. मध्ये बॉम्ब संपले, तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. मारा थांबल्यावर बांधावर उघडा उभा राहिला, मराठ्यांची रणगर्जना केली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. पुढे तो सारा भाग काबीज झाला. त्याच संध्याकाळी त्याच नदीवर सरहद्दीकडच्या पलटणीतला अली हैदर नावाचा शिपाई असाच लढला आणि त्यालाही हेच पदक मिळाले. त्याच्या नऊ महिने आधी, १० जुलै १९४४ रोजी, कुलाबा जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे इटलीतच टायबर नदीच्या खोऱ्यात पडले होते. त्यांना हे पदक मरणोत्तर मिळाले. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

ही हकीकत तपशिलाने सांगता येते, याचे कारण सरकारी गॅझेटात ती छापली गेली. वर्तमानपत्रांना अशा बातमीचा आधार तोच असे. बातमीदार काही बांधावर उभा नव्हता. म्हणून जुन्या अंकातली शौर्याची बातमी वाचताना पाहावे, की मजकूर गॅझेटातला किती आणि गावाकडून आलेला किती. आईचे नाव आहे का, जमीन किती, शाळा कुठवर, हे आले असेल तर कोणीतरी गावापर्यंत जाऊन आले असे समजावे. नसेल तर ते सरकारी पत्रकाचे भाषांतर.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे त्या दिवशी पानावर शेजारी काय होते. नामदेव जाधवांचे पदक जाहीर झाले जून १९४५ मध्ये. युरोपातली लढाई मे महिन्यातच संपली होती. १५ जूनला काँग्रेसचे पुढारी सुटले, २५ जूनला सिमल्याची परिषद सुरू झाली. देशाचे डोळे सिमल्याकडे होते. परक्या सरकारच्या फौजेतला शिपाई शूर ठरला, याचा आनंद मानायचा कसा, हाही प्रश्न होताच. ज्या जिल्ह्याच्या किल्ल्यात नेहरू मार्च १९४५ पर्यंत कैदेत होते, त्याच जिल्ह्याचा मुलगा एप्रिलमध्ये सेनिओच्या पाण्यात उतरला होता. माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. पण १९४५ सालच्या संपादकाला एकाच पानावर दोन्हींना जागा देणे सोपे गेले नसेल, हे समजून घ्यावे.

आता, तुमच्या घरचा कोणी आजा-पणजा लढाईवर गेला असेल आणि त्याचा माग काढायचा असेल, तर काय करावे? आधी घरची पेटी उघडा. पलटण सोडतानाचे पुस्तक, मनीऑर्डरची पावती, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर यांतले काहीही सापडले तरी बस्स. नंबर आणि पलटण हाती आली की अर्धे काम झाले. मग तारीख अंदाजून वर्तमानपत्रे पाहा. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे आहे, जुने अंक पाहायचे तर तिथे चौकशी करावी. फौजेचे स्वतःचे पत्रही होते. ‘फौजी अखबार’ १९०९ साली निघाले, १९५४ पासून ते ‘सैनिक समाचार’ झाले, आणि त्याची मराठी आवृत्तीही निघत आली आहे.

जे परत आले नाहीत, त्यांच्या नोंदी राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान आयोगाकडे आहेत. तिथे एक कटू गोष्ट माहीत असलेली बरी. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावे भिंतीवर कोरलीच नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा घातला. ही असमान वागणूक होती, असे आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात मान्य केले. इटलीत फोर्ली गावी हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांना अग्नी दिला त्यांचे वेगळे स्मारक आहे.

नाव शोधताना एकच स्पेलिंग धरून बसू नका. खुद्द नामदेव जाधवांचे आडनाव इंग्रजी कागदांत कुठे ‘जाधव’, कुठे ‘जाधाओ’, कुठे ‘जादव’ असे पडले आहे, आणि हा तर व्हिक्टोरिया क्रॉसवाला माणूस. ते पुढे हवालदार झाले आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात वारले. मग साध्या शिपायाच्या नावाचे काय झाले असेल? गावांच्या नावांची तर दैना. भरतीच्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. अशा यादीत बापाचे नाव आणि गाव पुष्कळदा दिलेले असते. ते इंग्रजी अक्षर डोळ्यांनी वाचू नका. मोठ्याने म्हणा, दोन-तीन तऱ्हांनी म्हणून पाहा, आणि शेजारी गावातला एखादा म्हातारा माणूस बसवा. तो ऐकून सांगेल ते गाव कोणते.