‘आधी सुरू करू, परवानगीचं नंतर बघू’: रॅपिडोला परवडलं, आपल्याला परवडेल का?



व्हिडिओंखाली एक प्रश्न सारखा येतो. “सर, मोठमोठ्या ॲप कंपन्या परवाना नसताना धंदा सुरू करतात, कोर्टात भांडतात आणि तरीही मोठ्या होतात. मग आम्हीच का कागदपत्रांच्या मागे पळायचं?”

प्रश्न चुकीचा नाही. म्हणून आज आपल्याच भागातली एक केस नीट बघूया.

नेमकं काय झालं होतं?

रॅपिडो ही २०१५ साली बंगळुरूत सुरू झालेली कंपनी. ॲपवर बुकिंग करा, बाईकवाला दारात. निगडी, भोसरी, चाकणमध्ये शिफ्टला जाणाऱ्या माणसाला असं काही हवंच असतं, कारण बस वेळेवर नाही आणि एकट्याला रिक्षा परवडत नाही. म्हणजे गरज खरी होती.

अडचण कागदावर होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३ नुसार अशा ॲप कंपनीला, म्हणजे ॲग्रिगेटरला, परवाना लागतो. आणि बाईक होत्या पांढऱ्या नंबर प्लेटच्या, म्हणजे खासगी वापराच्या. भाड्याने प्रवासी नेण्याची परवानगी त्यांना नव्हती.

रिक्षावाल्यांचा राग वाढत गेला. २८ नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात रिक्षा बंद आंदोलन झालं. २१ डिसेंबर २०२२ ला पुण्याच्या आरटीओने रॅपिडोचा परवान्याचा अर्ज फेटाळला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं की राज्याचं बाईक टॅक्सीचं धोरणच नाही, मग धोरण नाही म्हणून अर्ज कसा नाकारता? त्यावर कोर्टाचा प्रश्न सरळ होता: परवाना नाही, तर सेवा चालू कशी?

१३ जानेवारी २०२३ ला कंपनीला राज्यातल्या सेवा थांबवाव्या लागल्या. १९ जानेवारीला सरकारने खासगी वाहनं अशा कामाला वापरण्यावर बंदीची अधिसूचना काढली. २० तारखेला याचिका फेटाळली गेली. ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही.

ही गोष्ट एकाच कंपनीची नाही. मार्च २०२४ मध्ये पुण्यात ओला आणि उबरचे परवान्याचे अर्जही नाकारले गेले.

माझं मत

सरकारची बाजू पूर्ण स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. लोकांना सेवा हवी होती आणि नियम यायला फार वेळ लागला. १ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने बाईक टॅक्सीला मंजुरी दिली, तीही फक्त इलेक्ट्रिक बाईकला. पण ‘नियम मागे आहेत’ म्हणून धंदा आधी सुरू करायचा, हेही मला पटत नाही. कारण त्याचा भुर्दंड भलत्याच माणसाला बसतो.

बघा ना, महाराष्ट्रात दणका बसल्यावर रॅपिडोचं काय झालं? सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने २० कोटी डॉलरची नवी गुंतवणूक उभी केली आणि तिचं मूल्य १ अब्ज डॉलरच्या वर गेलं. कंपनीकडे वकील होते, गुंतवणूकदारांचा पैसा होता, इतर राज्यांत धंदा होता.

आणि ज्याने या कमाईच्या भरवशावर हप्त्याने बाईक घेतली असेल, त्याचं काय? ॲप बंद झालं तरी हप्ता चालूच राहतो. शिवाय खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू नसतो, म्हणजे अपघात झाला की क्लेम अडकण्याची भीती वेगळीच.

आता दुसरं चित्र बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने अनधिकृत पत्राशेड, गोदामं, वर्कशॉप पाडली. तिथल्या छोट्या वर्कशॉपवाल्याला पुढच्या गुंतवणुकीचा चेक द्यायला कोणी आलं नाही. ‘परवानगीचं नंतर बघू’ हे वाक्य तेच, पण निकाल वेगळा. फरक खिशाच्या खोलीचा आहे.

मग आपण काय करायचं?

१. नोंदणी आणि परवानगी यात गल्लत करू नका. उद्यम नोंदणी आहे, जीएसटी नंबर आहे, म्हणजे सगळं झालं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. उद्यम तुम्हाला लघुउद्योजक म्हणून ओळख देतं, धंदा चालवायची परवानगी देत नाही. पावडर कोटिंग किंवा प्लेटिंग करायचं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी उभारणीसाठी आणि मग चालवण्यासाठी लागते. डबे पुरवायचे तर अन्न परवाना. कंपनीच्या कामगारांना ने-आण करायला इको लावायची तर पिवळी प्लेट आणि परमिट.

२. शेड भाड्याने घेण्याआधी जागेचा कागद बघा. चाकण, खेड, मावळच्या गावांत मालक ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती दाखवतो. ती कर भरल्याची पावती आहे, बांधकाम परवानगी नाही. पीएमआरडीए, एमआयडीसी किंवा महापालिका, ज्यांची हद्द असेल त्यांची मंजुरी मागा. मशीनचं फाउंडेशन घातल्यावर विचारून काय उपयोग?

३. ॲपवर धंदा लावताना ॲपचा कागदही विचारा. ते तुमचं आधार, पॅन, लायसन्स सगळं तपासतात. तुम्हीही विचारा, “तुमचा या राज्यातला परवाना कुठे आहे?” आणि एकाच ॲपवर अख्खं घर चालवू नका. थेट फोन करणारे तुमचे स्वतःचे दहा ग्राहक असू द्या.

४. जाहिरातीत जमेल तेवढंच बोला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने रॅपिडोला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी १० लाखांचा दंड केला. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये’ असं वचन होतं. प्रत्यक्षात रोख पैसे नव्हते. ॲपमधली नाणी मिळायची, तीही ५० पर्यंत, फक्त बाईक राईडसाठी आणि सात दिवसांत वापरायची. आता तुमचं पत्रक काढून बघा. ‘१०० टक्के गॅरंटी’, ‘२४ तासांत डिलिव्हरी’ लिहिलंय का? आणि खाली बारीक अक्षरात अटी?

५. नियमच नसेल तर? तरीही लेखी अर्ज करा, आवक शिक्का घेतलेली प्रत जपून ठेवा. जिल्हा उद्योग केंद्रात जा, राज्याच्या ‘मैत्री’ पोर्टलवर बघा, लघुउद्योग संघटनेतून एकत्र मागणी करा. एकट्याच्या अर्जापेक्षा पन्नास जणांचा अर्ज लवकर हलतो.

शेवटचं

मोठ्या कंपन्यांकडून शिकायला भरपूर आहे. ग्राहकाची अडचण ओळखणं शिका, सोपं ॲप बनवणं शिका, दर आधी सांगणं शिका. पण धोका घेण्याची त्यांची पद्धत उचलण्याआधी एक हिशोब करा: उद्या नोटीस आली आणि धंदा तीन महिने बंद राहिला, तर घरखर्च, हप्ते आणि कामगारांचा पगार कुठून येईल?

हा आकडा आजच वहीत लिहा. त्याशेजारी तुमच्या धंद्याला लागणाऱ्या परवानग्यांची यादी करा आणि ज्या हातात आहेत त्यांच्यापुढे टिक करा. ज्यांच्यापुढे टिक नाही, ते या महिन्याचं पहिलं काम.

तुमचा धंदा कोणता आणि कोणती परवानगी अडकली आहे, ते कमेंटमध्ये लिहा. सगळ्यात जास्त विचारलेल्या परवानगीवर पुढचा व्हिडिओ करू.