तारीख पक्की होण्याआधी

घरगुती विक्रीची पार्टी बघायला गेलेल्याला सगळं सोपं वाटतं. हॉलमध्ये सतरंजी, टीपॉयवर मांडलेले रंगीत डबे, दहा-बारा बायका, चहा-चिवडा, गप्पा आणि शेवटी ऑर्डरचे कागद. खरं म्हणजे डबे विकणं हा या धंद्यातला हलका भाग आहे. कस लागतो तो त्याच्या आधी. एखाद्या बाईने स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओळखीच्या बायकांसमोर, अमुक दिवशी अमुक वाजता हे सगळं मांडू द्यायला तयार होणं, ही आमची खरी विक्री. मी डोंबिवलीत आणि पुढे ठाण्या-कल्याणात अनेक वर्षं हे काम केलं. सुरुवातीला स्वयंपाकघरातले हवाबंद डबे, नंतर साड्या आणि ड्रेस मटेरियल. माल बदलला, पण तारीख मिळवण्याची कसरत तशीच राहिली.

ही पद्धत अमेरिकेत वाढली. अर्ल टपर यांनी 1946 मध्ये आपले प्लास्टिकचे डबे बाजारात आणले, पण दुकानात ते नुसते पडून राहायचे. झाकण कसं बसवायचं, मधोमध दाबून कड किंचित उचलली की आतली हवा कशी फुस्सकन निघून जाते, हे हातात धरून दाखवायला तिथे कोणी नव्हतं. स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स ही कंपनी त्याआधीपासून घरोघरी बायका जमवून माल दाखवत असे. तिथे काम केलेल्या ब्राउनी वाइज यांनी टपरचे डबे याच पद्धतीने विकून दाखवले. 1951 मध्ये टपर यांनी त्यांना कंपनीत उपाध्यक्ष म्हणून घेतलं आणि दुकानांतून माल काढून घेतला. 1954 मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि 1958 मध्ये त्याच कंपनीने त्यांना दूर केलं. आपल्याकडे टपरवेअर 1996 मध्ये आलं, आणि ‘पार्टी’, ‘होस्टेस’, ‘डेमो’ हे शब्द मध्यमवर्गीय हॉलमध्ये रुळले.

या सगळ्या डोलाऱ्याचा पाया एकच: आज जी पाहुणी आहे, ती उद्याची होस्टेस. पार्टी संपायच्या आत पुढच्या दोन-तीन तारखा मिळाल्या तरच साखळी पुढे चालते. नाही मिळाल्या, तर आजची विक्री कितीही झाली असो, पुढच्या आठवड्यात आपण घरी बसलो.

म्हणून प्रशिक्षणात एक युक्ती हमखास शिकवली जायची. ‘पार्टी ठेवाल का?’ असं विचारायचंच नाही, ‘बुधवार सोयीचा की शनिवार?’ असं विचारायचं. समोरची गोंधळून एक वार सांगते, आपण डायरीत लिहून मोकळ्या. ही युक्ती चालते, मी ती चालताना पाहिली आहे. पण तिने तारीख मिळते, पार्टी मिळत नाही. गर्दीत, हसण्याच्या भरात ‘शनिवार’ म्हणालेली बाई शुक्रवारी रात्री फोन करते: मुलाला ताप आहे. मुलाला खरंच ताप असतो की नाही, ते विचारायचं नसतं. तिला ती तारीख कधी नकोच होती, हे आपण ओळखायचं असतं. पटकन मिळालेल्या होकारापेक्षा मला अडखळणारी बाई नेहमी जास्त भरवशाची वाटली. ती अडखळते, कारण तिच्या डोळ्यांसमोर ती पार्टी खरोखर उभी राहिलेली असते. कोण कुठे बसेल, कप पुरतील का, सोफ्याचं फाटलेलं कव्हर कोणाच्या नजरेला येईल, हे सगळं तिला दिसत असतं.

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या वहिनींचा किस्सा मी नव्या मुलींना नेहमी सांगते. वहिनी प्रत्येक पार्टीला यायच्या, नेमके प्रश्न विचारायच्या, ऑर्डर द्यायच्या. त्यांची ओळख दांडगी, त्यांच्या शब्दाला मान. अशी बाई होस्टेस झाली तर सोनंच. पण तारखेचा विषय निघाला की ‘पुढच्या महिन्यात बघू’. एकदा परीक्षा, एकदा गावाहून पाहुणे, एकदा रंगकाम. प्रत्येक कारण खरं वाटावं असं, आणि प्रत्येक वेळी नवं.

त्यांची ऑर्डर पोचवायला मी एकदा दुपारी त्यांच्याकडे गेले. दार अर्धवट उघडलं आणि त्यांनी पिशवी दारातूनच घेतली. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘कोण गं आलंय?’ दाराच्या फटीतून लोखंडी कॉट दिसली, शेजारी स्टुलावर औषधं, तांब्या-भांडं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि वन रूम किचनच्या त्या घरात हॉल म्हणजेच आजींची खोली झाली होती. वहिनींना घराची लाज नव्हती. आईंच्या अंथरुणाभोवती दहा बायका हसत-खिदळत बसणार, आणि आईंना स्वयंपाकघरात हलवणार तरी कसं, हा त्यांचा पेच होता. आजारी माणसाला अडचण म्हणून बाजूला सारल्यासारखं त्यांना करायचं नव्हतं, आणि हे कारण चारचौघींत सांगायचंही नव्हतं.

मी तारखेचं नाव काढलं नाही. आत जाऊन आजींच्या उशाशी बसले. बोलता बोलता कळलं की त्या दोन ते चार झोपतात, चारला चहा घेतात आणि मग संध्याकाळच्या मालिका सुरू होईपर्यंत नुसत्या छताकडे बघत पडून असतात. जिन्यात वहिनींना म्हटलं, ‘बारा जणी नकोत. आजींना भेटून गेलेल्या पाच-सहा जणीच बोलवा. साडेचार ते साडेपाच. कॉट आहे तिथेच राहू दे, आम्ही खाली बसू.’ वहिनी म्हणाल्या, ‘आईंना विचारते.’ आतून उत्तर आलं, ‘मला काय विचारतेस? येऊ दे की.’

त्या दिवशी डेमो मी केला नाही, आजींनी केला. डब्यात पाणी भरून तो उलटा धरून दाखवतात, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण स्वतःच्या अंगठ्याने दाबून पाहिलं आणि धुतलेल्या चादरीवर सरळ उलटा केला. सुनेचा जीव वरखाली. एक थेंब गळला नाही. आजी म्हणाल्या, ‘हा माझ्या औषधांना ठेव. स्टुलावर मुंग्या येतात.’ त्या पाच-सहा जणींच्या बैठकीतून ऑर्डर चांगली निघालीच, पुढच्या दोन तारखाही तिथेच, आजींच्या कॉटला टेकून ठरल्या. आजारी माणूस घरात असलेल्या आणखी एका बाईने त्यातली एक तारीख दिली. तिलाही हेच पाहायचं होतं, की अशा घरातही हे होऊ शकतं.

‘यांना विचारून सांगते’ हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. ते कधी खरंच विचारण्यासाठी असतं, कधी सभ्य नकार असतो. मी अशा वेळी एवढंच विचारायचे, ‘भाऊजींची सुट्टी कुठल्या वारी असते? तो वार सोडून बघू.’ रेल्वेत, एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी करणाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच येते असं नाही. बाईला तारीख द्यायची असेल तर ती लगेच सांगते, ‘गुरुवारी घरी असतात, आणि रात्रपाळी असली की दुपारी झोपलेले असतात.’ द्यायची नसेल तर ती चहाचं विचारते. मग आपण चहा घ्यायचा आणि विषय पुन्हा काढायचा नाही.

एक शंका मात्र मी कधीच हलकी मानली नाही: ‘मैत्रिणींना वाटेल, हिने आम्हाला खरेदीसाठी बोलावलं.’ होस्टेसला भेटवस्तू मिळते, विक्री वाढली की ती मोठी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. मैत्रीवर पैशाची सावली पडू नये असं वाटणाऱ्या बाईची शंका रास्त आहे. ‘अहो, त्यात काय!’ म्हणून ती उडवून लावणाऱ्या विक्रेतीला ती बाई पुन्हा दार उघडत नाही. यावर माझा उपाय एकच होता. आमंत्रण देतानाच स्पष्ट सांगायचं: डबे मांडणार आहोत, घेतलेच पाहिजेत असं नाही. आणि पार्टीत ज्या बाईने काही घेतलं नाही, तिला निघताना होस्टेसच्या देखत मीच आग्रहाने चहा द्यायचा. होस्टेस हे बघत असते. तिच्या मनातली अढी तिथे सुटते.

नव्या इमारतीत राहायला आलेल्या बायकांचं दुःख वेगळं. ‘माझ्याकडे कोण येणार?’ अशी बाई तारीख टाळत नसते, रिकाम्या हॉलला भीत असते. तिच्यासाठी मजल्यावरच्या शेजारणीला बरोबर घ्यायचं, दोघींची मिळून एक पार्टी करायची. भेटवस्तू विभागली जाते, पण ओळखी दुप्पट होतात.

पंचांग पाळावंच लागतं. पितृपक्षाच्या पंधरवड्यात कोणी नवीन वस्तू घेत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी पूजा असते, तेव्हा तारीख मागणं म्हणजे नकार मागून घेणं. दिवाळीआधी साड्यांचा हंगाम. रविवारी मेगाब्लॉक, पलीकडच्या स्टेशनवरून यायच्या बायका अडकतात. आणि खरी चलती संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत: पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, हळदीकुंकवाला बायका तशाही जमणार असतात, आणि वाण म्हणून लुटायला छोट्या वस्तू हव्याच असतात. पार्टी म्हटलं की बिचकणारी बाई हळदीकुंकवाला आपणहून म्हणते, ‘तुमचे डबे घेऊन या.’ भिशीचंही तसंच. तिथे वार आणि घर आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त अर्धा तास मागायचा.

होकार मिळाला की माझं पुढचं काम असायचं स्वयंपाकघरात जाण्याचं. तिथे भिंतीवर कालनिर्णय असतं. दुधाच्या खुणा, गॅस सिलेंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे त्यावर लिहिलेले असतात. मी होस्टेसला पेन द्यायचे आणि तिच्याच हाताने त्या चौकोनात लिहायला सांगायचे. ती लिहायला जाते तेव्हा आपोआप अमावास्या, एकादशी, मुलाची चाचणी परीक्षा, सगळं तपासते आणि अडचण असेल तर तिथेच सांगते. माझ्या डायरीतली तारीख मोडायला तिला काही वाटत नसे, पण दुधाच्या खुणांशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली तारीख क्वचितच मोडली.

महिनाअखेर मात्र कठीण जायची. वरून फोन यायचे, किती तारखा झाल्या, आकडा का खाली आहे. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच असतं. त्या दडपणाखाली काही जणी खोट्या तारखा भरायच्या, काही जणी नात्यातल्या बायकांना गळ घालायच्या. गळ घालून मिळालेली पार्टी मी पाहिली आहे. होस्टेस सारखी घड्याळाकडे बघत असते, पाहुण्यांना ते कळतं, आणि त्या घरातून पुन्हा कधीच तारीख येत नाही. आकडा एका महिन्याचा भरतो, घर कायमचं जातं. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता काळ बदलला. टपरवेअरने सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. डबे ऑनलाइन मिळतात, साड्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात. तरी पैठणीचा पदर उलटून मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे काढणारी बाई मला अजून भेटायची आहे, म्हणून घरातले सेल चालू आहेत आणि तरुण मुली तारखा कशा घ्यायच्या ते विचारायला येतात. फोनवर पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, असा त्यांचा प्रश्न असतो. मी त्यांना सांगते, ‘आधी घरी सध्या कोण कोण आहे ते विचार. मग ती बोलेल तेवढं ऐक. कोण कधी झोपतं, पाणी किती वाजता येतं, मुलं शाळेतून कधी येतात, हे डायरीत लिहून घे. या नोंदींमधून मोकळा उरलेला दीड तास तिला दाखव आणि विचार, या वेळेत जमेल का?’