मलायी कथांतील बंडखोर कन्या

कथेंतील बंडखोर मुलीसाठीं डोळे ओले करणारा वाचक शेजारच्या तशाच मुलीकडे पाठ फिरवितो. मलायी वाङ्मयाकडे पाहिलें म्हणजे ही विसंगति फार स्पष्टपणें नजरेस येते.

सन १९२५-२६ मध्यें सय्यद शेख अल्-हादी या धर्मसुधारकानें पेनांग येथून फरीदा हानूमची कथा प्रसिद्ध केली. नायिका कैरोची, कुलीन आणि सुशिक्षित. बापानें नात्यांतील तरुण योजलेला, तर तिचें मन शफीकवर जडलेलें. प्रेमकथेच्या कोंदणांत हादींनीं स्त्रीशिक्षणाचा व वरनिवडीचा प्रश्न बसविला. सनातन्यांनीं नाकें मुरडलीं, तरी पुस्तक हातोहात खपलें. नायिका दूरच्या मिसर देशाची, म्हणून तिचें बंड सोसणें सोपें गेलें असावें. अखेर विवाह झाला आणि वाचकांचेंहि समाधान झालें.

अ. समद सैद यांची १९६१ मध्यें प्रसिद्ध झालेली 'सलीना' ही कादंबरी असें समाधान देत नाहीं. महायुद्धानंतरच्या सिंगापुरांतील एका दरिद्री वस्तींत सलीना देहविक्रय करून जगते. युद्धानें तिचा प्रियकर हिरावलेला. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या फकर नांवाच्या ऐदी तरुणास ती पोसते आणि त्याचा मारहि सोसते. येथें प्रीति हेंच तिचें बंधन ठरतें. वस्ती जिला कलंकित म्हणते, तिच्याच ठायीं लेखकानें औदार्य दाखविलें. आणि तिचें खरें बंड कोणाच्या गळ्यांत माळ घालण्यांत नसून फकरला सोडून जाण्यांत आहे.

पुढें १९७२ पासून पेनांगच्या बायान लेपास येथें विजेच्या नाजूक उपकरणांचे कारखाने निघाले. खेड्यांतील हजारों मलायी मुली तेथें कामास लागल्या. पगारांतील वांटा त्या घरीं धाडीत. पण स्वतःच्या कमाईनें नवे कपडे घेतले, मोकळेपणीं फिरल्या, एवढ्यावरून लोकांनीं त्यांना 'मीना करान' हें हिणकस नांव ठेविलें. 'करान' म्हणजे विजेचा प्रवाह. मुलीच्या मिळकतीवर घर चालावें, तिच्या मोकळेपणावर मात्र बोट ठेवावें, असा तो न्याय.

फरीदाला कुल होतें, विद्या होती आणि शेवटीं विवाहहि लाभला. म्हणून तिचें बंड काव्य ठरलें. सलीनेला व कामकरी मुलींना यांतील आधार नव्हता. म्हणून त्यांच्या वाट्यास शिक्का आला. म्हणजे दोष बंडाचा नसून मोजणाऱ्याच्या मापाचा आहे. कथा वाचून मिटल्यावर तें माप बदललें नाहीं, तर वाचतांना गाळलेले अश्रु फुकट गेले म्हणावयाचे.