आधी मोडलं कशानं?

डेबी मॅकोम्बर यांच्या '१६ लाइटहाउस रोड' या कादंबरीच्या सुरुवातीलाच एक तरुण जोडपं घटस्फोटासाठी न्यायालयात उभं आहे. इयान नौदलात. तो समुद्रावर असताना त्यांची तान्ही मुलगी दगावली आणि सेसिलियाने ते सगळं एकटीने सोसलं. प्रकरण सरळ आहे, दोघांनाही वेगळं व्हायचंय. पण न्यायाधीश ऑलिव्हिया लॉकहार्ट त्यांची वाट अडवून धरते. ऑलिव्हियाचाही मुलगा गेलेला असतो आणि त्या दुःखाच्या भरात तिचा संसार मोडलेला असतो. गावातल्या वृत्तपत्राचा संपादक तेव्हा न्यायालयातच बसलेला असतो. तो ही हकीकत छापतो आणि गावाला चघळायला विषय मिळतो.

हे गाव म्हणजे सिडार कोव्ह. ते काल्पनिक आहे, पण मॅकोम्बर यांनी ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट ऑर्चर्ड या आपल्याच गावावरून बेतलं. २००१मध्ये सुरू झालेली ही कादंबरीमालिका १२ भागांपर्यंत गेली आणि २०१३मध्ये हॉलमार्क वाहिनीने ती छोट्या पडद्यावर आणली. छोटं गाव, तुटलेली जोडी, पुन्हा जुळणारं नातं आणि घरात कुणाच्याही हाती बिनदिक्कत देता येईल असं सोज्वळ लेखन, असा हा अमेरिकेतला खपाचा प्रकार. शेवट गोड होणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. मग तो वाचतो कशासाठी?

याचं निम्मं उत्तर गावात आहे. महानगरात दुरावलेली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना चुकवू शकतात. गावात किराण्याचं दुकान एक, चर्च एक, जत्रा एक. त्यामुळे लेखकाला योगायोगाची ओढाताण करावी लागत नाही. शिवाय गावाची स्मरणशक्ती दांडगी. कोण कुणाला का सोडून गेलं, हे जो तो सांगू शकतो, आणि बहुतेकदा ते चुकीचं सांगतो.

सोज्वळपणाचाही कथेला उपयोग होतो. शयनगृहाचं दार वाचकासाठी बंद, त्यामुळे सगळा ताण बोलण्यात, बोलता बोलता थांबण्यात आणि नजर चुकवण्यात आणावा लागतो. ज्याला संवाद जमत नाहीत, त्याची कादंबरी इथे तिसऱ्या प्रकरणात आपटते. या गावांना साखरेचा पाक जरा जास्तच लागलेला असतो, ही टीकाही खरी आहे. बेकरी सदैव दरवळत असते, बेकारी क्वचितच दिसते.

पण कादंबरी तरते की बुडते, हे ठरतं जुन्या ताटातुटीच्या कारणावर. त्यासाठी दोनशे वर्षं मागे, जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेशन'कडे जावं लागतं. ॲन एलियट एकोणीस वर्षांची असताना, आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलच्या सांगण्यावरून फ्रेडरिक वेंटवर्थला नकार देते. त्याच्याकडे ना पैसा, ना घराण्याचं नाव. आठ वर्षांनी तो शत्रूची जहाजं पकडून श्रीमंत झालेला कप्तान म्हणून परततो आणि ॲनचे वडील कर्जापायी राहता वाडा भाड्याने देत असतात. भाडेकरू येते ती वेंटवर्थची बहीण आणि तिचा नवरा. आता भेट टळणं अशक्य.

ऑस्टिन दोष एकट्या ॲनवर टाकत नाही. थोडा पैसा हाती आल्यावर, दुराव्याच्या दुसऱ्याच वर्षी आपण पत्र लिहिलं असतं तर तू होकार दिला असतास का, असं वेंटवर्थ शेवटी तिला विचारतो. ती देणार होती. त्याच्या अहंकारापायी सहा वर्षं वाया गेली.

ऑस्टिनने ही कादंबरी १८ जुलै १८१६ रोजी संपवली होती. त्या पहिल्या शेवटात वेंटवर्थची बहीण आणि मेहुणे दोघांना एका खोलीत एकटं गाठून देतात आणि सगळं उलगडतं. ऑस्टिनला ते पटलं नाही. काही आठवड्यांतच तिने ते पुन्हा लिहिलं. नव्या शेवटात वेंटवर्थ खोलीतल्या टेबलाशी पत्र लिहीत बसला आहे आणि ॲन दुसऱ्याच माणसाशी बोलते आहे, बायका किती काळ प्रेम धरून ठेवतात याविषयी. त्याच्या हातून लेखणी गळून पडते. मग तो दुसऱ्या पत्राच्या आडून तिलाच पत्र लिहितो. दोघांना आता मध्यस्थाची गरज उरत नाही. एकदा दुसऱ्याचं ऐकून तुटलेलं नातं त्यांनी स्वतःच जोडायला हवं होतं, हे ऑस्टिनने हेरलं. रद्द केलेली ती पानं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कादंबरी छापून आली डिसेंबर १८१७मध्ये, ऑस्टिनच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी.

इयान-सेसिलियाची गोष्ट पटते तीही ताटातुटीच्या कारणामुळेच. त्यांच्यात गैरसमज नाही, दुःख आहे. ऑलिव्हिया त्यांना अडवते, तशी आपल्या हिंदू विवाह कायद्यानेही परस्परसंमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबण्याची तरतूद ठेवली आहे, ती माणसं पुन्हा विचार करतात हे ओळखूनच.

तेव्हा अशी कादंबरी हाती आली, तर नायक-नायिका भेटतात कधी, हे पाहू नका. तुटलं कशाने, ते शोधा. एका फोनवर मिटलं असतं एवढंच कारण निघालं, तर पुस्तक खुशाल मिटून ठेवा.